दगड चमकला नाही, तरी धडा झाला



'खडक' हा घटक आला की आपण फळ्यावर प्रकार लिहितो आणि पुढे जातो. मीही तेच करायचे. या वेळी मुलांना म्हटलं, घराजवळचा एकेक दगड आणा, आपण तो अंधारात बघू. त्या तासात माझीच एक चूक झाली. ती तुमच्याकडून होऊ नये म्हणून हे लिहितेय.

आधी थोडी माहिती

काही खनिजांवर अतिनील प्रकाश पडला की ती स्वतःच्या वेगळ्याच रंगात उजळतात. आपल्या डोळ्यांना न दिसणारा हा प्रकाश खनिज शोषून घेतं आणि त्यातली काही ऊर्जा दिसणाऱ्या प्रकाशाच्या रूपात परत देतं. याला फ्लुओरेसन्स म्हणतात. जॉर्ज स्टोक्स यांनी 1852 मध्ये हे नाव दिलं, फ्लोराइट या खनिजावरून.

लातूर जिल्हा आणि नांदेडचा बराचसा भाग सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या काळ्या दगडावर, म्हणजे बेसाल्टवर वसलाय. देगलूर-बिलोलीकडे गेलात की ग्रॅनाइट लागतो. लाव्हा थिजताना आत वायूचे बुडबुडे अडकले, त्या पोकळ्यांत पुढे पाण्यातून खनिजं साचली. विहिरीच्या ढिगाऱ्यात पांढरे स्फटिक सापडतात ते हेच. त्यातलं कॅल्साइट कधी गुलाबी, कधी केशरी उजळतं, कधी मुळीच नाही. मँगनीजसारख्या घटकाचा अंश असेल तर रंग येतो. लोह जास्त असेल तर उजेड दबतो.

वर्गात काय झालं

खिडक्यांना सतरंज्या लावल्या आणि मी विचारलं, "कुणाचा दगड चमकतो बघू?" इथेच चुकलं.

एकाचा दगड निळा चमकला. टाळ्या पडल्या! पण तो धुतला आणि निळा रंग गेला. दगड धुतलेल्या रुमालात बांधून आणला होता, त्याचे धागे चिकटले होते. कपडे धुण्याच्या पावडरीत पांढरेपणासाठी जे घालतात, ते अतिनील प्रकाशात निळं दिसतं.

एका मुलीचे वडील विहिरी खोदायच्या कामावर जातात. तिने काळा दगड आणला होता. तो चमकला नाही. मधल्या सुट्टीत पाहिलं, तर तिने तो कुंपणाबाहेर टाकून दिला होता. मला फार वाईट वाटलं. मी निसर्गाची परीक्षा घेतली आणि तिला नापास केलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो दगड आम्ही दोघींनी शोधून आणला. या वेळी प्रश्न बदलला, "काय काय दिसतं?" त्याच्या पोकळीतल्या पांढऱ्या भागावर लिंबाचा रस टाकला, तर बुडबुडे आले. म्हणजे ते कॅल्साइट असणार. मग तो चमकत का नाही? आम्ही लोहाबद्दल बोललो. तीच म्हणाली, "म्हणून तर बाई, हा जड आणि काळा हाय." त्या दिवशी सगळ्यांत जास्त प्रश्न त्याच दगडावर आले.

तुम्ही करणार असाल तर

1. टॉर्च 365 नॅनोमीटरचा घ्या. नोटा तपासायच्या स्वस्त टॉर्चमध्ये जांभळा उजेड बराच असतो, त्यात मंद रंग झाकून जातात.
2. आधी टॉर्च वहीच्या पांढऱ्या कागदावर धरा. कागद निळसर उजळला, तर टॉर्च चालतोय.
3. दगड स्वच्छ धुऊन, वाळवून मगच तपासा.
4. तक्ता करा: कुठे सापडला, दिवसा कसा दिसतो, अंधारात कसा दिसतो, रस टाकल्यावर काय झालं. 'चमकला नाही' हीसुद्धा नोंदच आहे.

काळजी

टॉर्च मोठ्यांच्याच हातात हवा, कुणाच्याही डोळ्यांवर मारू नये. 254 नॅनोमीटरचे दिवे वर्गात नकोतच. त्यांनी डोळे आणि त्वचा भाजते. खाणीत किंवा विहिरीच्या काठावर मुलांना पाठवू नका. दगड उचलताना विंचवाची भीती असतेच, मोठं माणूस सोबत हवं. गंमत म्हणजे विंचूही या प्रकाशात हिरवट-निळा चमकतो!

पालकहो, मूल घरी दगड घेऊन आलं तर "टाक तो बाहेर" म्हणण्याआधी एकदा विचारा, "कुठे सापडला रे?" बाकीचं तेच सांगेल.