दलदलीचे शब्दभांडार : लुईस बेटावरील एक सामूहिक कलाप्रयत्न

स्कॉटलंडच्या वायव्येकडील लुईस बेटाचा बराचसा अंतर्भाग पीटने व्यापलेला आहे. पीट म्हणजे पाणथळ जागी हजारो वर्षे अर्धवट कुजत साचलेल्या वनस्पतींचा थर. तो ओला असेतो त्यातील कार्बन भूमीतच राहतो. खणून वा निचरा करून कोरडा केला की हवेत मिसळू लागतो. २००४ साली या माळावर २३४ पवनचक्क्या उभारण्याचा प्रस्ताव आला. समर्थकांच्या बोलण्यात माळ ओसाड, रिकामा ठरू लागला, आणि ऊर्जेच्या वादाला वर्णनाचा, म्हणजेच भाषेचा, वाद येऊन मिळाला.

याच काळात फिनले मॅक्लाउड, चित्रकर्त्री अ‍ॅन कॅम्पबेल व त्यांचे सहकारी यांनी गावकऱ्यांच्या तोंडचे, माळासंबंधीचे १२० हून अधिक गेलिक शब्द संकलित केले. कॅम्पबेल आणि जॉन मॅक्लाउड यांनी उन्हाळी गुराख्यांच्या जुन्या वाटा पायी तुडवून त्यांची चित्रे, नकाशे व आठवणी २००७ साली ग्रंथरूपाने मांडल्या. 'फेह' म्हणजे पीटमधून शिरेसारखा वाहणारा, उन्हाळ्यात बहुधा आटणारा बारीक प्रवाह. 'रुनख मूम' म्हणजे वाऱ्याच्या स्वच्छ दिवशी माळावरून सरकणाऱ्या ढगांच्या सावल्या. ज्या भूमीला इतकी नावे आहेत, तिला रिकामी कसे म्हणावे?

तथापि दोन गोष्टी ध्यानात घ्यावयास हव्यात. २००८ साली शासनाने प्रकल्प नाकारला तो तेथील संरक्षित पक्ष्यांविषयीच्या युरोपीय कायद्याच्या आधारे. त्याचे श्रेय शब्दसंग्रहाला देणे अतिशयोक्तीचे होईल. दुसरे असे की, हे शब्द अस्पर्श निसर्गाच्या स्तुतीतून निपजलेले नाहीत. पीट कापण्याचे अवजार 'टारश्केर' याच भाषेतले; सरपणासाठी माळ कापणाऱ्या हातांनीच त्याला नावे दिली.

येथेच या प्रयत्नाची खरी कसोटी आहे. २०२२ च्या जनगणनेनुसार या द्वीपसमूहात गेलिक बोलणारे निम्म्याहून कमी उरले आहेत. जिभेवरून उतरलेला शब्द कोशात सुरक्षित राहतो, पण त्याने दाखविलेली वाट चालणारा कोणी उरला नाही, तर कोश केवळ स्मारक ठरतो. म्हणून भूमीचे रक्षण आणि बोलीचे रक्षण ही दोन कार्ये तेथे वेगळी करता येत नाहीत.