हलका बूट, सांगलीची सपाटी आणि साताऱ्याचा उतार

पोरा, नवा बूट आरशासमोर उभं राहून बघायचा नसतो, पायऱ्या उतरून बघायचा असतो. दुकानाला जिना नसेल तर बाहेरच्या पायऱ्या वापर. उतरताना अंगठा पुढं आपटला तर नंबर लहान. टाच सुटून वर आली तर मोठा. काउंटरवरचा पोरगा ‘घातल्यावर सैल होतो’ म्हणेल. चामडं सैल होतं, नायलॉन होत नाही. माझं निम्मं आयुष्य चपलाबुटांच्या दुकानात गेलंय, ‘सैल होतो’ हे वाक्य मीही पुष्कळदा म्हटलंय.

तू सांगलीच्या वालचंद कॉलेजला चाललास, आणि तुला ते रेट्रो स्नीकर्स हवेत. पातळ तळ, नायलॉनचं अंग, पुढं-मागं स्वेडचे तुकडे, बाजूला पट्टे. जरूर घे. पण आहे काय ते समजून घे. हे मूळचे फॅशनचे बूट नव्हेत, पळायचे बूट आहेत. जपानमध्ये कोबे शहरात 1949 साली सुरू झालेल्या ओनित्सुका कंपनीचा ‘मेक्सिको 66’ हा 1968 च्या मेक्सिको ऑलिंपिकच्या तयारीतून आला. आदिदासचा ‘एसएल 72’ हा 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकसाठी, आणि त्यातलं एसएल म्हणजे सुपर लाइट. बूट हलका का केला? प्रत्येक पायातलं वजन 100 ग्रॅमनं वाढलं की पळायला साधारण 1 टक्का जास्त ताकद लागते. शर्यतीत एक टक्का म्हणजे पदक गेलं. सांगलीतल्या विश्रामबागच्या चहाच्या टपरीपर्यंत जायला मात्र एका टक्क्यानं काही बिघडत नाही. आणि वजन कमी करायचं तर कापायचा तो तळच कापतात. हलकेपणाची किंमत टाच भरते, एवढं लक्षात ठेव.

तुझी आजी म्हणेल, आमची माणसं कोल्हापुरी चपला घालून कोसच्या कोस चालली, त्यांना कुठं होता फोम? खरं आहे. कोल्हापुरीला जीआय मानांकन मिळालं त्यात कोल्हापूर-सोलापुराबरोबर सातारा आणि सांगली हे जिल्हेही आहेत, म्हणजे सपाट तळ आपल्याला परका नाही. पण ती माणसं मातीवरून चालली आणि लहानपणापासून चालली. तू बारावीपर्यंत जाड फोमच्या बुटात होतास आणि आता दिवसभर सिमेंटच्या गॅलरीत उभा राहणार. म्हणून पहिले दोन-तीन आठवडे रोज थोडा थोडा वेळ घाल. सकाळी पलंगावरून पहिलं पाऊल टेकताना टाचेत कळ आली तर पातळ तळ बाजूला ठेव, जाड तळाचा बूट घाल. ‘सवय होईल’ म्हणत बसू नकोस. आधी घरी एक कर: पाय ओला करून फरशीवर ठसा उमटव. मधला भाग आत वळलेला दिसला तर ठीक. सगळं पाऊल भरून उमटलं तर पाय सपाट आहे, मग आतला सुखतळा काढून कमानीला उठाव असलेला घाल. बऱ्याच बुटांत तो निघतो, काहींत चिकटवलेला असतो. घेतानाच बोट घालून बघ.

आता खरी गोष्ट. बूट जमीन बघून घ्यायचा, आणि तुझ्या दोन गावांची, घरच्या साताऱ्याची आणि कॉलेजच्या सांगलीची, जमीन एक नाही.

सातारा म्हणजे चढउतार. राजवाड्यापासून निघून चार भिंतीकडं किंवा अजिंक्यताऱ्याकडं जाताना त्या सपाट तळाच्या बुटात चढ सोपा वाटतो. फसवतो तो उतार. सुटे खडे, पावसाळ्यात शेवाळलेले दगड, आणि तळाला खोल नक्षी नाही. घोटा धरायला वर काही नाही. तुझे मित्र सातारा हिल हाफ मॅरेथॉनला उतरतात, यवतेश्वरचा घाट चढून पुन्हा खाली, एकवीस किलोमीटर. त्यातला कुणी हे बूट घालून पळतो म्हणाला तर त्याच्यामागं जाऊ नकोस. पळायच्या नावानं जन्मलेत, पण त्यानंतर पळायच्या बुटांची विद्या फार पुढं गेली. कासला फुलं बघायला जातानाही नको. तिथली जांभ्याची तांबडी माती पांढऱ्या नायलॉनच्या विणीत शिरली की निघत नाही.

सांगली सपाट. तिथं हा बूट शोभतो आणि चालतो. नोव्हेंबर ते मे बिनघोर घाल. पाय हलका राहतो, उन्हाळ्यात नायलॉनमधून वारा लागतो, कॉलेजमधून तसाच मित्राच्या घरी जेवायला जाता येतं. एसटीत मांडी घालून बसायचं झालं तर चटकन निघतो. बॅगेत टाकला तर चपटा होऊन बसतो.

पाऊस पडला की मात्र सांगलीची काळी माती बघ. तळाला चिकटते, थर वाढत जातो, आणि तुझा सुपर लाइट बूट शेतकऱ्याच्या बुटाएवढा जड होतो. ती ओली असताना पुसायची नाही, पसरते. वाळू दे, दोन तळ एकमेकांवर आपट, मग ब्रश. स्वेडला पाणी लावू नकोस, कोरड्या ब्रशनं एकाच दिशेनं झाड. आणि कृष्णेचं पाणी चढायला लागलं की आयर्विन पुलाची पातळी सगळ्यांच्या तोंडी असते, 40 फूट इशारा, 45 फूट धोका. 2005, 2019 आणि 2021 सांगलीनं बघितलंय. त्या दिवसांत पाणी बघायला म्हणून जायचंच नाही. गेलंच पाहिजे अशी वेळ आली तर गमबूट. पुराच्या पाण्यात पायाला जखम असेल तर लेप्टोस्पायरोसिसची भीती असते, आणि नायलॉनचा बूट पाणी अडवत नाही, आत साठवून ठेवतो. चुकून भिजलाच तर आधी स्वच्छ पाण्यानं गाळ काढ, सुखतळा वेगळा कर, आत ‘ऐक्य’ किंवा ‘पुढारी’ पेपरचे बोळे कोंब, ओले झाले की बदल. पंख्याखाली वाळव. कडक उन्हात किंवा गॅसजवळ ठेवलास तर चिकटवलेला तळ सुटतो.

हळदीचं वेगळं. सांगलीत हळदीच्या मार्केट यार्डाकडं राहायला खोली मिळाली तर बुटावर हळद येणारच. साबण लावलास की डाग लालभडक होईल, घाबरू नकोस, हळद सोड्याच्या संगतीत लाल होतेच. धुऊन तेवढा भाग सकाळच्या उन्हात धर. हळदीचा रंग उन्हात उडतो. हे एकच काम उन्हाचं, आणि तेही कोवळ्या.

खरेदीला संध्याकाळी जा, दिवसभरात पाय फुगलेला असतो. आपल्याकडं चवडा रुंद असतो आणि हे बूट अरुंद साच्याचे. करंगळी दाबली जात असेल तर मोठा नंबर घेऊ नकोस, टाच सुटेल. त्याऐवजी लेसची सगळ्यात खालची भोकं सोडून ओव, पुढं जागा होते. बूट दोन्ही हातांत धरून वाकव. बोटांच्या सांध्याशी वाकला तर चांगला. मधोमध घडी पडली तर खाली ठेव, पट्टे कितीही झकास असोत.

सेलचा बूट असेल तर डब्यावरचा उत्पादनाचा महिना आणि वर्ष वाच. पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेनचा, तळ न घालता नुसता पडून राहिला तरी हवेतल्या ओलाव्यानं आतून कुजतो आणि एके दिवशी बिस्किटासारखा चुरा होतो. ‘फर्स्ट कॉपी’त तळ कशाचा आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. तळाची कड वाटीसारखी वर आलेली असेल तर स्टँडबाहेरचा चर्मकार चौफेर शिलाई मारून देतो, बूट आणखी दोन वर्षं जातो. नुसता पातळ फोम असेल तर टाका धरत नाही, फाटत जातो. म्हणून दोन आवडले तर वाटीवाला घे, चार ग्रॅम जड असला तरी.

मला विचारशील तर या बुटांची किंमत जास्त आहे. आम्ही शाळेच्या पीटीला पांढरे कॅनव्हास विकायचो, तेही असेच पातळ तळाचे, आणि त्यांना कुणी रेट्रो म्हटलं नाही. पण वय तुझं आहे. घे, फक्त एकाच जोडावर वर्ष काढू नकोस. एक दिवस घालून एक दिवस वारा दे, म्हणजे घाम वाळतो आणि फोमही सावरतो. दुसरा जोड साधा, जाड तळाचा, पावसाचा आणि घाटाचा.

ताईला तुझ्यासारखेच हवेत म्हणालास. तिचा नंबर अंदाजानं सांगू नकोस. कागदावर दोन्ही पाय ठेवून पेन्सिल फिरवायला सांग, उभी राहून, संध्याकाळी. दोन पायांत फरक निघतोच, मोठ्या पायाचं माप घे.