पेव, ज्वारी आणि बांगड्यांचा खर्च

आजोळच्या वाड्यावर एक ऐतिहासिक प्रेमकथा लिहायची म्हणून सहा वर्षं सांगली-सातारा करते आहे. त्यात हाताला लागलेलं थोडं सांगते.

१. भुयाराची गोष्ट ऐकली की आधी पेव शोधावं.

हरिपूरला, आजोळच्या परसातल्या फरशीखालून भुयार निघतं आणि ते थेट सांगलीच्या गणेशदुर्गात जातं, असं लहानपणापासून ऐकत आले. मामांनी एकदा ती फरशी काढवली. अर्धा दिवस तोंड उघडं ठेवलं, मग दोरीला बांधून कंदील आत सोडला. कंदील विझला तर उतरायचं नाही. तो विझला नाही. गडी उतरला आणि मूठभर माती घेऊन वर आला. नाकाशी धरली, तर हळदीचा वास! हरिपूरची पेवं, म्हणजे हळद साठवायचे जमिनीखालचे खड्डे, नावाजलेली. २००५ च्या महापुरात कितीतरी निकामी झाली. आमचं भुयार त्यांतलंच एक पेव होतं. माझा नायक भुयारातून येणार होता. आता तो हळदीचा हिशेब घेऊन दिंडी दरवाजातून येतो आणि मला तोच खरा वाटतो.

२. मोडी स्वतः शिकावी.

माळ्यावरच्या दप्तरात एक घडी वेगळी बांधलेली होती. ते प्रेमपत्रच, अशी घरात सगळ्यांची खात्री. वर्गाला जाऊन मोडी शिकले, घडी उलगडली, तर निघाला जमाखर्च.

३. बाईचं नाव कुठे गाळलंय ते बघावं.

साताऱ्याकडची ताई तेलीण घ्या. परशुरामपंत प्रतिनिधी मसूरला कैदेत पडले, तेव्हा माणसं जमवून तिने त्यांना सोडवलं. पुढे पेशव्यांच्या बापू गोखल्यांनी त्यांना पुन्हा पकडलं, तरी तिने वासोटा सोडला नाही. आठ महिने गड लढवला आणि धान्याच्या कोठाराला आग लागली तेव्हाच खाली केला. बामणोलीहून लाँचने शिवसागर ओलांडून मी वासोटा चढले. ते रान आणि ते कडे बघून छातीत धडधडलं. एवढं करणाऱ्या बाईची ओळख काय, तर प्रतिनिधींनी ठेवलेली तेलीण. तिने केलं ते प्रेमापोटी केलं, असं मी मानते, आणि तसंच लिहिणार आहे.

४. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा बघायला जाल तर जिऊबाईंना आठवा. १८०० साली नाना गेले तेव्हा ही त्यांची बायको अगदी लहान पोर होती. वैधव्याची नंतरची वर्षं तिने याच वाड्यात काढली.

५. रुक्ष कागद दोनदा वाचावा.

आमच्या त्या जमाखर्चात घरच्या बायकांच्या बांगड्या एका रकमेत आहेत. खाली वेगळी ओळ, ‘मळ्यातली, बांगड्या’. त्याखाली ‘मळ्यातली, ज्वारी’. वंशावळीत ही कुठेच नाही. एका आषाढापासून तिच्या बांगड्यांची ओळ बंद होते. मला वाटलं, ती गेली. मामींना दाखवलं. त्यांनी बोट ठेवून महिना पुन्हा वाचायला लावला आणि वंशावळ काढली. वाड्याचे मालक, माझ्या आईचे खापरपणजोबा, त्याच आषाढात वारले होते.

ज्वारीची ओळ पुढे अकरा वर्षं चालू आहे.