अबोल माणसानं ओळखी कशा जोडाव्यात?

चाळीसगावात केकी मूस यांचं नाव काढलं की पंजाब मेलची गोष्ट निघतेच. दूर राहिलेली प्रेयसी एक दिवस त्या गाडीनं येईल म्हणून हा पारशी छायाचित्रकार वाट पाहत राहिला, असं सांगतात. गोष्ट हळवी आहे, ऐकणाऱ्याला लगेच भिडते. पण चारचौघांत बोलायला बुजणाऱ्या माणसाला तिच्यापेक्षा मूस यांच्या टपालाची हकिकत जास्त उपयोगी पडेल.

२ ऑक्टोबर १९१२चा त्यांचा जन्म. इंग्लंडमध्ये कलेचं शिक्षण घेऊन १९३८च्या सुमारास ते चाळीसगावला परतले. त्यानंतर स्टेशनाजवळच्या ‘रेम्ब्राँट्स रिट्रीट’ या घराचा उंबरठा त्यांनी क्वचितच ओलांडला. ३१ डिसेंबर १९८९ला ते गेले, तोवर तीनशेच्या आसपास पारितोषिकं त्यांच्या नावावर जमा झाली होती. त्यांतली बरीचशी परदेशातली.

घराबाहेर न पडणाऱ्या माणसाला परदेशात कोण ओळखणार? त्या काळी छायाचित्रांची आंतरराष्ट्रीय प्रदर्शनं भरत आणि त्यांत प्रवेश टपालानं मिळे. प्रिंट जाड पुठ्ठ्यावर चढवायची, अर्ज भरायचा, शुल्क धाडायचं. परीक्षकांनी निवड केली की प्रिंटच्या पाठीवर त्या प्रदर्शनाची चिठ्ठी चिकटे आणि ती परत येई. एकच प्रिंट अशी चार देश फिरून आली, तर तिची पाठ म्हणजे छायाचित्रकाराचं ओळखपत्रच होई. परीक्षकांशी हस्तांदोलन करावं लागत नसे, चहाच्या टेबलाशी ताटकळावं लागत नसे. मूस यांची खासियत होती टेबल-टॉप छायाचित्रण: टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडायच्या, प्रकाश असा पाडायचा की पाहणाऱ्याला तिथं खरोखरचा निसर्ग दिसावा. हे काम एकांतातच होतं. त्यांनी स्वभावाशी झगडा केला नाही, स्वभावाला झेपेल अशी वाट धरली.

माणसांना त्यांनी टाळलं, असंही नाही. बाबा आमट्यांसारखी माणसं चाळीसगावला त्यांच्या घरी येऊन गेली. आपल्या घरात, आपल्या वस्तूंमध्ये, समोर एकदोन माणसं असली की अबोल माणूसही मोकळेपणानं बोलतो. मेळाव्यात तोच गप्प होतो.

मेळाव्यांचा अनुभव मीही घेतला आहे. उद्योजकांच्या अशा एका कार्यक्रमात प्रत्येकाला एक मिनिट देऊन स्वतःची ओळख करून द्यायला लावलं. संपेपर्यंत खिसाभर व्हिजिटिंग कार्डं जमली. त्यांतून कामाची म्हणावी अशी एकही ओळख निघाली नाही, कारण कुणी कुणाचं काम पाहिलेलंच नव्हतं. पुढे ज्यांच्यामुळे मला कामं मिळाली, त्या बहुतेकांशी पहिली गाठ पत्रातून पडली. त्यांचं एखादं काम नीट पाहून त्याबद्दल चार ओळी लिहिल्या, सोबत आपलं एक काम जोडलं, एवढंच. बुजऱ्या तरुणांना मी हेच सांगतो. कार्यक्रमाला जायचंच असेल तर आधी एक माणूस ठरवा, त्याला अगोदर कळवा, त्याच्याशी बोला आणि निघा. दोन दिवसांच्या आत आठवणीनं त्याला लिहा. बहुतेक ओळखी या पायरीवर सुटतात.

आणि अजिबातच बोलवत नसेल तर? खानदेशातच याचं उत्तर आहे. जळगावच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्या ओव्या घरच्यांनी वहीत उतरवल्या. त्यांच्या मृत्यूनंतर मुलगा सोपानदेवांनी ती वही, संकोचतच, आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ पुस्तकरूपानं आली. आपल्या कामाबद्दल जीव तोडून बोलणारा एक माणूस असला की पुरतं. मात्र बहिणाबाई १९५१ सालीच गेल्या होत्या. हे कौतुक त्यांना पाहायला मिळालं नाही, ही हळहळ कायमची राहिली. म्हणून असा माणूस वेळेवर शोधायला हवा. जुने शिक्षक, पहिले वरिष्ठ, जिथं काम चोख झालं तिथलं गिऱ्हाईक, यांच्यातच तो सापडतो. त्याच्याकडे स्पष्ट शब्दांत मागा: ‘माझं हे काम अमुक व्यक्तीला दाखवाल का?’

मूस यांच्या वाटेवर एक धोकाही आहे. आपली कला त्यांनी विकली नाही, असं चाळीसगावात अभिमानानं सांगतात. ज्याचं घर पगारावर किंवा पुढच्या ऑर्डरवर चालतं, त्यानं त्यांच्या एकांताची नक्कल करू नये. त्यांच्याकडून घ्यावी ती काम बाहेर पाठवत राहण्याची शिस्त. दार लावून बसलेल्या कितीतरी गुणी माणसांची कामं त्यांच्या कपाटातच राहतात, आणि तुमचं काम तसं राहू नये असं मला मनापासून वाटतं. तेव्हा तुमचं सर्वांत चांगलं काम आजच निवडा, ते ज्याला खरोखर कळेल असा एक माणूस ठरवा आणि चार ओळींसह त्याला पाठवून द्या.