घटनास्थळाचा पंचनामा : छायाचित्र, नकाशा आणि शब्द

व्यावहारिक मराठीच्या अभ्यासात पंचनाम्याचा समावेश का, असा प्रश्न आपल्याला पडला असेल. घटनास्थळ फार काळ जसेच्या तसे राहत नाही. पाऊस पडतो, माणसे वावरतात, मृतदेह हलवावा लागतो. पुढे खटला उभा राहतो तेव्हा न्यायाधीशांसमोर ती जागा नसते, तिची नोंद असते. कुणाची सुटका व्हावी आणि कुणाला शिक्षा, हे त्या नोंदीवर अवलंबून असू शकते.

कशालाही हात लावण्यापूर्वी छायाचित्रे घेतली जातात : आधी परिसराची, मग खोलीची, शेवटी एकेका वस्तूची. जवळचे छायाचित्र एकदा मोजपट्टीशिवाय आणि एकदा मोजपट्टी ठेवून काढतात. पट्टीखाली काही झाकले गेले, अशी शंका त्यामुळे राहत नाही. तरीही छायाचित्रावरून अंतराचा अंदाज चुकतो. ती उणीव कच्चा नकाशा भरून काढतो. त्यात उत्तर दिशा दाखवतात व प्रत्येक वस्तूचे अंतर दोन स्थिर खुणांपासून मोजतात. भिंतीचा कोपरा चालेल. खुर्ची चालणार नाही.

उरलेले काम शब्दांचे. रॉकेलचा वास कॅमेऱ्यात येत नाही, चुलीतल्या राखेची ऊब नकाशात दिसत नाही.

आता भाषेकडे वळू. पंचनाम्यात ‘रक्ताचे डाग’ न लिहिता ‘रक्तासारखे दिसणारे तांबडे डाग’, ‘सोन्याची साखळी’ न लिहिता ‘पिवळ्या धातूची साखळी’ असे लिहिण्याचा प्रघात आहे. अनेकांना ही भाषा हास्यास्पद वाटते. पण तिच्यात शहाणपण आहे. पंचांनी तांबडा रंग पाहिला. तो रक्ताचा आहे की नाही, हे प्रयोगशाळा ठरवील. ‘चोर खिडकीतून शिरला’ हे अनुमान झाले. ‘खिडकीचे दोन गज आतल्या बाजूस वाकलेले असून खालच्या फरशीवर ओल्या मातीचा ठसा आहे’ हे निरीक्षण. अनुमान खोटे ठरले, तर बचाव पक्षाचे वकील उरलेल्या नोंदीवरही बोट ठेवतात.

पंचनाम्याचा खरा दोष ‘सदर’, ‘सदरहू’ यांत नाही, साचेबंद वाक्यांत आहे. ‘घरातील सामान अस्ताव्यस्त पडलेले दिसले’ हे वाक्य कोणत्याही घराला लागू पडते. कोणते कपाट उघडे होते, कुलूप तुटले होते की किल्लीने उघडले होते, हे त्यातून कळत नाही. उलटतपासणीत पंच गोंधळतात, त्याचे एक कारण हेही आहे.

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. ७ वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करावेत व त्या प्रक्रियेचे चित्रीकरण व्हावे, अशी तरतूद तीत आहे. ती टप्प्याटप्प्याने अमलात आणण्यास राज्यांना ५ वर्षांपर्यंत मुदत आहे. चित्रीकरण वाढले तरी त्यात काय दिसते, हे शब्दांत मांडणारा माणूस लागणारच.

स्वाध्याय : आपण आत्ता बसला आहात त्या खोलीचे १० ओळींत पंचनाम्याच्या भाषेत वर्णन करा. नंतर त्यातील अनुमान सांगणारे शब्द अधोरेखित करून त्या जागी निरीक्षण लिहा.