मल्टिपल स्क्लेरॉसिसमधील हातांच्या अनैच्छिक हालचाली : विभेदक निदान व स्वेदनाविषयी दक्षता

प्रस्तावना

हात थरथरतो, बोटे आपोआप वळवळतात किंवा मनगट एकाएकी आखडते, अशी तक्रार घेऊन रुग्ण आला की वैद्याच्या मनात प्रथम कंपवाताचा विचार येतो आणि स्नेहन, स्वेदन व बस्ती असा चिकित्साक्रम योजला जातो. वृद्ध रुग्णात हा विचार पुष्कळदा योग्य ठरतो. परंतु रुग्ण विशी ते चाळिशीतील असेल, पूर्वी कधी एका डोळ्याची दृष्टी काही आठवडे मंदावलेली असेल, पायांना बधिरता येऊन गेलेली असेल, तर मल्टिपल स्क्लेरॉसिस या व्याधीचा विचार अवश्य करावा. या व्याधीत हाताच्या हालचाली अनेक प्रकारच्या असतात व त्यांची कारणे भिन्न असतात. शिवाय अशा रुग्णात सरसकट स्वेदन केल्यास अपाय संभवतो. या दोन मुद्द्यांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

व्याधी व आपले क्षेत्र

मेंदू व सुषुम्नेतील मज्जातंतूंवरील मायलिन आवरणाचा शोथ होऊन ठिकठिकाणी नाश होणे, हे या व्याधीचे मूळ होय. शार्को यांनी १८६८ मध्ये या व्याधीचे सविस्तर वर्णन केले. पुरुषांपेक्षा स्त्रियांत तो अधिक आढळतो. ‘हा थंड देशांचा आजार’ अशी समजूत दीर्घकाळ होती. तथापि मुंबईतील पारशी समाजाच्या १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत त्याचे प्रमाण दर लाखामागे वीसहून अधिक आढळले. एम.आर.आय.चा प्रसार झाल्यावर इतर समाजांतही असे रुग्ण अधिक संख्येने ओळखले जाऊ लागले. मल्टिपल स्क्लेरॉसिस सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था मुंबईत १९८५ पासून कार्यरत आहे.

उरण तालुक्यातील न्हावा शेवा परिसरात व्यवसाय करणाऱ्या वैद्यांना हा विषय दोन कारणांनी जवळचा वाटावा. भातशेती, मिठागरे व मासेमारी यांवर जगणाऱ्या या किनाऱ्यावर १९८९ मध्ये बंदर सुरू झाले आणि क्रेन व अवजड वाहने चालविणारा कामगारवर्ग येथे आला. या कामात हाताची अचूकता हीच उपजीविका असते, आणि हाताला आलेला क्षणभराचा आक्षेपही अपघातास कारण होऊ शकतो. दुसरे असे की येथील उष्मा दमट आहे, आणि उष्णता या रुग्णांना विशेष बाधते.

हालचालींचे प्रकार

१. क्रियाकालीन कंप : हा सर्वाधिक आढळणारा प्रकार होय. हात मांडीवर स्वस्थ असताना कंप नसतो. पेला ओठांकडे नेताना तो वाढत जातो व पाणी सांडते. विकृती लघुमस्तिष्क व त्याच्या मार्गांत असते. पार्किन्सनच्या व्याधीतील कंप याउलट विश्रांतीत दिसतो व हालचाल करताना उणावतो. कपिकच्छूच्या बीजांत लेव्होडोपा असल्याने तिचा उपयोग त्या व्याधीत समजण्यासारखा आहे. प्रस्तुत कंपात तसा उपशय अपेक्षित नाही.

२. बोटांची वळवळ : हात पुढे पसरून डोळे मिटताच बोटे पियानो वाजविल्याप्रमाणे सावकाश वर-खाली होतात, डोळे उघडताच हालचाल बरीच कमी होते. येथे दोष संवेदनेत असतो. मानेतील सुषुम्नेच्या पश्चिम भागात विकृती झाल्याने बोटे कोठे आहेत याचे ज्ञान मेंदूला होत नाही. अशा रुग्णाला खिशातील किल्ली व नाणे यांतील भेद स्पर्शाने कळत नाही. बळ शाबूत असूनही हात निरुपयोगी व्हावा, अशा या अवस्थेशी ओपेनहाइम यांचे नाव जोडलेले आहे.

३. वेगयुक्त आक्षेप : मनगट व बोटे एकाएकी आकुंचित होतात, तीव्र वेदना होते आणि काही सेकंदांत, क्वचित एक-दोन मिनिटांत, सर्व पूर्ववत होते. दिवसातून अनेकदा असे वेग येतात. एकदम उठणे, स्पर्श किंवा जोरजोराने श्वास घेणे यांनी ते उद्भवतात. संज्ञा पूर्ण असते, म्हणून अपस्माराशी गल्लत करू नये. मॅथ्यूज यांनी १९५८ मध्ये यांचे वर्णन केले. कार्बामॅझेपिनच्या अल्प मात्रेने हे वेग पुष्कळदा थांबतात. न्यूरोमायलायटिस ऑप्टिका या निकटच्या व्याधीतही ते विशेषत्वाने आढळतात.

कोरिया, मायोक्लोनस इत्यादी प्रकार क्वचित दिसतात. ते दिसल्यास अन्य कारणांचा शोध आधी घ्यावा. अशुद्ध पारदयुक्त औषधांचे सेवन हेही कंपाचे एक कारण असल्याने त्याविषयी आवर्जून विचारावे.

आयुर्वेदीय विचार

या व्याधीला संहितांत एकच एक नाव शोधण्याचा आग्रह धरू नये. सर्व विकारांना निश्चित नाव असतेच असे नाही, तेव्हा नाव न सांगता आल्यास वैद्याने लाजू नये, हा चरकाचार्यांचा उपदेश (सूत्रस्थान, अध्याय १८) येथे मार्गदर्शक आहे. दोष, अधिष्ठान व हेतू पाहावेत. शरीराच्या गती व्यानवायूच्या अधीन आहेत. कंपात वेपथूचे, वळवळीत स्पर्शाज्ञानाचे, तर वेगांत आक्षेपाचे साम्य दिसते.

चिकित्सेच्या दृष्टीने चिकित्सास्थानातील अठ्ठाविसाव्या अध्यायातील आवरणविचार महत्त्वाचा आहे. पित्तावृत वातात उष्णाने विदाह व शीताची इच्छा, तर पित्तावृत व्यानात सर्वांगदाह, क्लम व गात्रांच्या हालचालींचा अवरोध सांगितला आहे. थकवा व उष्णतेने होणारी लक्षणवृद्धी ही मल्टिपल स्क्लेरॉसिसच्या रुग्णांची नित्याची तक्रार असते. दोन्ही वर्णने एकाच व्याधीची आहेत असे म्हणण्याचे कारण नाही. परंतु ज्या कंपात उष्ण हा अनुपशय आहे, त्याला केवळ वातज मानून उष्णोपचार करणे शास्त्रालाही धरून नाही.

स्वेदनाविषयी दक्षता

उथॉफ यांनी १८९० मध्ये श्रमानंतर दृष्टी मंदावणारे रुग्ण वर्णिले. पुढे उष्णता हे त्याचे कारण असल्याचे स्पष्ट झाले. मायलिन गेलेल्या तंतूतून जाणारा संदेश शरीराचे तापमान अर्ध्या अंशाने वाढले तरी अडू शकतो. म्हणून बाष्पस्वेदनाने कंप वाढतो, दृष्टी धूसर होते, पायांचे बळ जाते. शरीर थंड झाल्यावर लक्षणे बहुधा ओसरतात. एके काळी निदानासाठी रुग्णाला गरम पाण्यात बसवीत असत. त्यानंतर काही रुग्णांत दोष टिकून राहिल्याचे १९८३ मध्ये नोंदविले गेले. ही परीक्षा आता कोणीही करू नये. स्नान, ज्वर किंवा दुपारच्या उन्हात लक्षणे वाढतात काय, एवढे विचारणे पुरेसे आहे.

यावरून पुढील नियम पाळावेत :

• निदान निश्चित होईपर्यंत सर्वांगस्वेद, अवगाह व नाडीस्वेद करू नयेत.
• बधिर हातावर पोटलीचा शेक देऊ नये. रुग्णाला चटका कळत नाही.
• अभ्यंग करावयाचे झाल्यास कोमट तेलाने, मृदू हाताने व हवेशीर खोलीत करावे.
• रुग्णाने सकाळी लवकर कामे उरकावीत, मध्यान्हीचे ऊन टाळावे.

तपासणी व पाठवणी

चिकित्सालयात पाच मिनिटांत पुढील परीक्षण होते. हात मांडीवर सैल ठेवून पाहावे. नंतर ते पुढे पसरवून आधी डोळे उघडे व मग मिटलेले असताना पाहावे. बोट नाकाला लावण्यास सांगावे. डोळे मिटवून हातात नाणे द्यावे. वेग येत असल्यास नातेवाइकांना त्याचे मोबाइलवर चित्रण करण्यास सांगावे.

शंका आल्यास रुग्णाला मज्जाविकारतज्ज्ञांकडे पाठवावे. मेंदू व मानेचा एम.आर.आय. आणि गरजेनुसार अन्य तपासण्या त्यांच्या सल्ल्याने व्हाव्यात. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाल्यापासून या परिसरातून मुंबई गाठणे सुकर झाले आहे. नवीन लक्षण चोवीस तासांहून अधिक टिकले, तर विलंब करू नये. क्रेन किंवा वाहन चालविणाऱ्यास वेग येत असतील, तर तज्ज्ञांचा निर्णय होईपर्यंत ते काम थांबविण्यास स्पष्ट शब्दांत सांगावे.

व्याधीचे पुनरुद्भव रोखणारी आधुनिक औषधे आज उपलब्ध आहेत. ती लवकर सुरू होण्यात रुग्णाचे हित असते. ती बंद करण्याचा सल्ला देऊ नये. व्याधिक्षमत्वावर कार्य करणारी अश्वगंधा, गुडूची यांसारखी द्रव्ये तज्ज्ञांना कळविल्याविना योजू नयेत.

उपसंहार

हाताची हालचाल विश्रांतीत होते की क्रियेत, डोळे मिटल्यावर वाढते काय, वेगाने येते काय आणि उष्णतेने बळावते काय, हे चार प्रश्न प्रत्येक कंपरुग्णाला विचारावेत. त्यांची उत्तरे केसपेपरवर नोंदवून मगच स्वेदनाचा विचार करावा.