पांढरे फिलिंग किती वर्षे टिकते?

अमेरिकेत मुलांकडे राहणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्या मंडळींना तिथले डॉक्टर सांगतात, ‘आता चांदी नको, दाताच्या रंगाचे फिलिंग भरू.’ ते टिकणार किती, ही काळजी रास्त आहे, कारण मूळ मेडिकेअरमधून दात भरण्याचा खर्च सहसा मिळत नाही. मेडिकेअर अ‍ॅडव्हान्टेज योजना असेल तर दातांसाठी किती मिळते ते मुलांकडून आधी वाचून घ्या.

पूर्वी पुढच्या दातांत सिलिकेट सिमेंट भरत. ते लाळेत हळूहळू विरघळून जाई. अमेरिकेतल्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये काम करणारे राफेल बोवेन यांनी नव्या प्रकारच्या राळेत काचेसारखी बारीक पूड मिसळून मिश्रण तयार केले. १९६२ साली त्याचे पेटंट मिळाले. आजचे कॉम्पोझिट त्यातूनच आले. निळा दिवा धरला की ते कडक होते, पण कडक होताना किंचित आकसते. काठाशी फट राहिली की तिथे पुन्हा कीड लागते. भरताना दात कोरडा लागतो. लाळ किंवा रक्त लागले तर पकड सुटते. नीट भरलेले लहान फिलिंग दहा वर्षे आणि त्याहून जास्तही चालते. मोठ्या दाढेतले त्यामानाने लवकर जाते. दाढेत चांदीच अधिक टिकते, हे मान्य करायला हवे.

दुसरा प्रकार ग्लास आयोनोमर. ब्रिटनमधल्या विल्सन आणि केंट यांनी तो १९७० च्या सुमारास तयार केला. चावण्याच्या जोराने तो झिजतो, तुटतो, म्हणून पुष्कळजण त्याला कच्चा समजतात. मला हे सरसकट पटत नाही. उतारवयात हिरड्या खाली सरकून दातांची मुळे उघडी पडतात. काही गोळ्यांमुळे, त्यांत रक्तदाबाच्याही काही आल्या, तोंड कोरडे राहते आणि कीड हिरडीलगत लागते. ती जागा भरताना कोरडी ठेवणे फार अवघड. ग्लास आयोनोमर थोड्या ओलाव्यातही चिकटतो आणि फ्लोराइड सोडत राहतो. चावण्याचा जोर तिथे कमीच असतो. अशा जागी तोच बरा ठरू शकतो. म्हणून जाताना आपल्या गोळ्यांची यादी डॉक्टरांना दाखवा.

जुनी चांदी दिसायला काळी म्हणून बदलून घेऊ नका. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२० साली गरोदर स्त्रिया, लहान मुले, मूत्रपिंडाचे रुग्ण अशांना शक्यतो नवी चांदी भरू नये असे सांगितले. पण सुस्थितीतली जुनी चांदी वैद्यकीय गरज नसताना काढू नये, असेही त्याच वेळी सांगितले. काढताना थोडा चांगला दातही घासला जातो आणि खड्डा मोठा होतो. दाढ दुखत नसेल, तर एक्स-रेमध्ये नेमके काय दिसते, ते आधी विचारा.